बरव्यांची दुसरी शाळा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कलासमीक्षक’ असं छापलंय. तो संयोजकांचा मोठेपणा. मी जन्मभर कापडाची डिझाइनं केली. चित्रांवर जे थोडंफार लिहिलं ते त्या उद्योगातून वेळ काढून. पण चित्रकार प्रभाकर बरवे यांच्याबद्दल बोलायचा मला काही अधिकार असलाच, तर तो त्या थोड्याफार लिखाणातून आलेला नाही, कापडाच्या कामातूनच आलेला आहे. का, ते पुढे कळेल.

चित्रकाराची जडणघडण सांगायची म्हणजे आपण काय सांगतो? गाव सांगतो, घराणं सांगतो, कलाशाळा सांगतो, गुरूंची नावं घेतो, मग पुरस्कार. नोकरीची वेळ आली की एक वाक्य टाकतो : ‘उदरनिर्वाहासाठी त्यांनी काही काळ नोकरी केली.’ बरव्यांच्या बाबतीत हा ‘काही काळ’ 1961 ते 1982 एवढा आहे. एकवीस वर्षं! जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते पाच वर्षं होते. पाच वर्षांना पानंच्या पानं आणि एकवीस वर्षांना एक वाक्य, हा हिशेब मला कधी पटला नाही. आज तो उलटा मांडून बघायचा आहे. माझं म्हणणं एवढंच की बरव्यांची खरी शाळा ती नोकरी होती. जे.जे. ही पहिली शाळा, आणि चित्रांत जास्त दिसते ती दुसरी.

पण पहिलीही नीट बघू. उगाच कोणावर अन्याय नको.

बरव्यांचा जन्म 1936 सालचा, नागावचा. अलिबागपासून हाकेच्या अंतरावरचं हे गाव इथल्या बऱ्याच जणांना सहलीमुळे ठाऊक असेल. घरात कला होतीच. वडील चित्रपटसृष्टीत कलाकाम करायचे. आणि शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे बरव्यांना नात्याने आजोबा लागत. पुण्यात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे ना, 1928 सालचा, तो घडवणारे करमरकर. त्यांचं सासवणेचं घर आता संग्रहालय आहे. गेला नसाल तर जाऊन या. पुतळे पाहायला लोक जातात ते महाराजांच्या आणि पुढाऱ्यांच्या ओढीने, आणि रेंगाळतात मात्र गावातल्या साध्या माणसांसमोर, गुराढोरांसमोर. करमरकरांनी सिमेंटसारख्या बांधकामाच्या मालातून गावच घडवून ठेवलंय. याचा नातवावर थेट परिणाम झाला असं मी म्हणणार नाही, तसा दावा करायला माझ्याकडे काही नाही. पण घरातल्या मोठ्या माणसाने ब्राँझइतक्याच आदराने सिमेंट हाताळलेलं ज्या मुलाच्या पाहण्यात आहे, त्याने पुढे दारंखिडक्या रंगवायचा एनॅमल रंग कॅनव्हासवर आणला, तर आपण फार चकित होऊ नये. त्या रंगाकडे येणारच आहोत.

1954 साली बरवे जे.जे.मध्ये आले, 1959 साली पदविका घेऊन बाहेर पडले. तेव्हाचं जे.जे. म्हणजे काय होतं? 1857 साली स्थापन झालेली, शंभरी गाठलेली संस्था. ग्रिफिथ्ससाहेबांच्या काळात इथल्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे सॉलोमनसाहेबांनी भित्तिचित्रांचा वर्ग चालवला, भारतीय शैलीला जागा दिली. त्यानंतर आलेल्या जेरार्डनी युरोपातल्या नव्या चित्रकलेला दार उघडलं. म्हणजे बरवे आले तेव्हा त्या इमारतीत एकावर एक थर साचलेले होते. सांगाड्यावरून माणूस काढायचा तो थर, अजिंठ्याच्या रेषेचा थर, आणि वर सेझान-क्लेचा ताजा थर. त्यात शंकर पळशीकरांसारखा शिक्षक. पळशीकर तंत्र शिकवत, पण त्याहून जास्त, विद्यार्थ्याला विचार करायला लावत. गायतोंडे याच शाळेतले, कोलते याच शाळेतले. मुंबईच्या अमूर्त चित्रकलेचा विषय निघाला की पळशीकरांचं नाव टळत नाही.

आता प्रश्न असा की 1959 साली पदविका हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलाला बाहेर काय दिसत होतं? प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप 1947 साली निघाला तो एव्हाना पांगला होता. सूझा लंडनला, रझा पॅरिसला, बाकरे लंडनला. मोठं व्हायचं तर बोटीत बसा, असाच त्याचा अर्थ घेतला जात होता. बोटीचं भाडं नसेल त्याने काय करायचं? ड्रॉइंग मास्तर व्हायचं, जाहिरात कंपनीत शिरायचं, नाहीतर गिरणीच्या डिझाइन खात्यात. चित्रं विकून घर चालवणारे तेव्हा बोटांवर मोजण्याएवढे.

आणखी एक वाट मात्र नुकतीच निघाली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे हातमागाचा मोठा प्रश्न होता. गिरणीच्या आणि यंत्रमागाच्या कापडापुढे हातमाग टिकायचा कसा? अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झालं आणि पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने जागोजागी विणकर सेवा केंद्रं निघाली. कल्पना साधी होती आणि धाडसीही. एका छपराखाली चित्रकार, विणकर आणि रंगारी बसवायचे. चित्रकाराने नमुना काढायचा, विणकराने तिथल्याच मागावर तो उतरवून पाहायचा, जमला की तो बाहेरच्या विणकरांना द्यायचा. त्या काळात या केंद्रांत कोण कोण होतं बघा : के. जी. सुब्रमण्यन, अकोल्याचे अंबादास, गौतम वाघेला, पुढे मद्रासला जोगेन चौधुरी, कलकत्त्याला मनू पारेख. आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास लिहायचा तर या केंद्रांचं हजेरीपत्रक हाताशी असलेलं बरं! पण लिहितं कोण? ते पडलं सरकारी खातं. गॅलऱ्यांवर पुस्तकं निघतात, खात्यांवर फार तर अहवाल.

बरवे 1961 साली या कामात शिरले आणि पहिली काही वर्षं बनारसला होते.

इथे थोडं थांबतो. बनारसमध्ये त्यांना काय मिळालं, असं विचारलं की सगळे एका सुरात सांगतात, तंत्र! घाट, साधू, यंत्रं, त्रिकोण, बिंदू. खोटं नाही ते. साठच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत ती चिन्हं आहेत. पण मला वाटतं, घाटाकडे पाहताना आपली पाठ विणकरांच्या मदनपुऱ्याकडे झाली. बरवे बनारसला गेले ते मोक्षासाठी नाही, साडीसाठी. सकाळी कामावर गेल्यावर समोर काय यायचं? ग्राफ पेपर.

ग्राफ पेपर म्हणजे काय ते कापडाच्या बाहेरच्या माणसाला कल्पना नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विणायचा नमुना आधी कागदावर काढतात. तो मग चौकटींच्या कागदावर उतरवायचा. एक उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी रांग म्हणजे बाण्याची एक फेक. प्रत्येक चौकोनात एकच प्रश्न असतो, धागा वर की खाली? भरला की वर, रिकामा ठेवला की खाली. तिसरा पर्याय नाही. यावरून जकार्डचे पत्ते टोचले जातात, आणि जुन्या पद्धतीत नक्शेबंद याच हिशेबाने दोऱ्यांचा नक्शा बांधायचा.

आता या कागदावर कोयरी काढा. हात सवयीने झोकदार वळण घेतो, आणि कागद म्हणतो, वळण बिळण नाही, जिना आहे. दोन चौकोन उजवीकडे, एक वर. मग एक उजवीकडे, एक वर. मग एक उजवीकडे, दोन वर. कुठला चौकोन भरायचा आणि कुठला सोडायचा यावर ती कोयरी डौलदार होणार की सुजलेली, ते ठरतं. एक चौकोन चुकला तर देठाला गाठ आल्यासारखी दिसते, आणि ती गाठ साडीभर हजार वेळा येते. गंमत पुढेच आहे. ताणा आणि बाणा सारख्या दाटीचे नसतात. त्यामुळे साध्या चौकोनी कागदावर काढलेला पूर्ण गोल मागावरून उतरतो तो अंडाकृती होऊन. म्हणून ज्या कापडासाठी काम करायचं त्याच्या दाटीप्रमाणे आखलेला वेगळा ग्राफ घ्यावा लागतो. कागदावर बसकं दिसणारं वर्तुळ काढायचं, म्हणजे कापडावर ते गोल होईल. समोर दिसतोय तो आकार आणि मनातला आकार एक नाहीत, हे डिझायनरच्या हाताला रोज मान्य करावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तिच्यात आहे. बुट्ट्यांची साडी घ्या. नवखा डिझायनर सगळा जीव बुट्टीत ओततो. पाकळ्या, देठ, परागसुद्धा. बुट्टी सुरेख होते. मग ती ओळीने मांडून विणल्यावर लांबून बघतो, तर बुट्टी दिसतच नाही! दिसतात ते बुट्ट्यांच्या मधून गेलेले रिकामे पट्टे. तिरके, आडवे, न काढलेले, आणि बुट्टीपेक्षा ठळक. मग दुसरी ओळ सरकवायची, पहिल्या ओळीतल्या दोन बुट्ट्यांच्या मधोमध आणायची, तरी कुठेतरी तिरका रस्ता उरतोच. महिना-दोन महिने असे रस्ते बुजवण्यात गेले की एक दिवस डोक्यात लख्ख उजेड पडतो : आपण फुलं काढत नाही आहोत, फुलांमधली जागा काढतो आहोत. ज्याला हे उमगलं तो डिझायनर झाला. ज्याला नाही उमगलं तो फुलं काढत राहतो.

एकवीस वर्षं हे काम केलेल्या माणसाची चित्रं आता डोळ्यांसमोर आणा. बरव्यांच्या नंतरच्या, म्हणजे सत्तरच्या दशकापासून पुढच्या चित्रांत काय असतं? एक शांत, सपाट पृष्ठभाग. राखी, फिका निळा, मातकट. त्यावर वस्तू. घड्याळ, पान, शंख, किल्ली, फळ. वस्तू अगदी ओळखीच्या, पण मापं आपली नाहीत. जमीन नाही, क्षितिज नाही, टेबल नाही. एका वस्तूची कड सरकत सरकत दुसऱ्या वस्तूची कड होते. आणि त्या वस्तूंच्या मध्ये जे आहे, त्याला पार्श्वभूमी म्हणायला जीभ रेटत नाही. समीक्षक तिथे ‘अवकाश’ हा शब्द वापरतात. बरवे स्वतःही वापरत. काहीजण त्यावर लगेच शून्याची, उपनिषदांची शाल चढवतात. चढवा बापडे. मला तिथे दोन बुट्ट्यांमधली जागा दिसते. इतकी काटेकोर मोजलेली, की पान बोटभर सरकवलं तर सगळं चित्र ढासळेल.

कोणी म्हणेल, ही तुमच्या धंद्याची दृष्टी झाली. सुताराला सगळीकडे लाकूड दिसायचंच. असेल. पण मग माझा उलटा प्रश्न असा की हा काटेकोरपणा आणखी कुठून आला असता? जे.जे.मध्ये वस्तुचित्रण शिकवत त्यात वस्तू टेबलावर असायची, तिच्यावर एका बाजूने उजेड पडायचा, सावली दुसऱ्या बाजूला. बरव्यांच्या चित्रांत सावली असते, पण ती वस्तूची ताबेदार नसते. ती स्वतंत्र आकार म्हणून येते, आपली जागा अडवते. वस्तू, तिची सावली आणि मधली रिकामी जागा, तिघांना सारखाच मान. हा कापडाचा न्याय आहे. मागावर भरलेल्या चौकोनाला आणि रिकाम्या चौकोनाला तेवढाच धागा लागतो.

तंत्रकलेबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर बोलून झालंय पुष्कळ. 1966 साली अजित मुखर्जींचं तंत्रकलेवरचं पुस्तक आलं आणि पुढची काही वर्षं भारतीय चित्रकलेत त्रिकोण आणि बिंदूंचा सुकाळ झाला. परदेशी गिऱ्हाइकाला ते आवडायचं, आणि आपल्याकडेही ‘आम्ही आधुनिक आहोत पण उसने नाही’ असं म्हणायची सोय झाली. बरवे या लाटेच्या आधीच बनारसला होते, त्यामुळे त्यांचं तंत्र पुस्तकातून आलेलं नव्हतं. तरी ते त्यात राहिले नाहीत. सत्तरच्या दशकात ती चिन्हं त्यांनी बाजूला ठेवली. का ठेवली असतील? माझा अंदाज असा : चिन्ह आधीच अर्थ घेऊन येतं. त्रिकोण काढला की लोक शक्ती म्हणणार, बिंदू काढला की ब्रह्म. चित्राला बोलायला काही उरतच नाही. घड्याळ मात्र कोरं असतं, किल्ली कोरी असते. तिला अर्थ द्यायचा तर शेजारी काय ठेवलंय आणि किती अंतरावर ठेवलंय, यातूनच तो द्यावा लागतो. चालू बाजारातली शैली हाती असताना ती खाली ठेवायला हिंमत लागते, आणि महिन्याच्या एक तारखेला पगार येत असेल तर ती हिंमत करणं थोडं सोपं जातं. नोकरीचा हा गुण कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगितला.

प्रभाव म्हणून एक परदेशी नाव घ्यायलाच हवं, पॉल क्ले. बरव्यांवर क्लेचा प्रभाव होता हे सर्वमान्य आहे, आणि क्लेची छोटी छोटी, कुजबुजणारी चित्रं पाहिलेल्याला ते पटकन दिसतं. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. क्ले जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत शिकवायचा, आणि 1927 पासून तो तिथल्या विणकाम विभागातल्या विद्यार्थ्यांना आकारशास्त्र शिकवत होता. पुढे विणकामातलं मोठं नाव झालेली अॅनी आल्बर्स त्याच विद्यार्थ्यांतली. क्लेच्या चित्रांत ते चौकोनांचे पट, ती रंगांची पायरीपायरीने होणारी चढउतार आहे ना? क्लेसमोर माग होते. म्हणजे जे.जे.मध्ये एका मुलाला क्ले भेटतो, आणि नोकरी लागल्यावर तोच मुलगा क्ले ज्यांना शिकवत होता त्यांच्याच कामाला बसतो! बरव्यांना हा योग माहीत होता की नव्हता, त्याला महत्त्व नाही. दोघांचा कागद एकच होता.

आता एनॅमल. घराला, लोखंडी कपाटाला, दुकानाच्या पाटीला लावतात तो डब्यातला रंग. तैलरंगात ब्रशचा फटकारा दिसतो, रंगाचा थर उभा राहतो, चित्रकाराच्या हाताची ओळख पटते. आमच्या पिढीला तर ती ओळख म्हणजेच चित्रकला असं शिकवलेलं. एनॅमल तसा नाही. तो पातळ, वाहता. लावला की आपोआप पसरून सपाट होतो, ब्रशच्या खुणा गिळून टाकतो, वाळला की चकाकतो. हात कुठे फिरला ते कळतच नाही. डागडुजीलाही वाव कमी. म्हणजे रंग लावण्याआधी आकार पक्का ठरलेला हवा, कड कुठे संपते ते ठाऊक हवं. हे कोणाला जमेल? ज्याला वर्षानुवर्षं चौकोन भरायचा की सोडायचा याचा निर्णय आधी घ्यावा लागलाय त्याला. मागावर बसल्यावर विणकर डिझायनरला विचारायला येत नाही. विचार कागदावरच संपलेला असावा लागतो. बरव्यांनी साधा, स्वस्त, पाटीवाल्याचा रंग घेतला, आणि त्यात हाताचा तोरा शिल्लक ठेवला नाही. 1976 साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ते सरकारी केंद्रात डिझाइनंच करत होते, हेही जाता जाता नोंदवतो.

1982 साली त्यांनी नोकरी सोडली. पुढे 1995 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, पूर्ण वेळ चित्रं. या काळातलं मोठं काम चित्रांइतकंच लिखाणाचं. ‘कोरा कॅनव्हास’ 1990 साली मौजेने काढलं. मराठीत चित्रकारांनी लिहायची परंपरा आहे. धुरंधरांनी 1940 साली आपली जे.जे.तली एकेचाळीस वर्षं लिहून ठेवली. पण त्यात माणसं आहेत, प्रसंग आहेत, मानसन्मान आहेत. बरव्यांच्या पुस्तकात माणूस जवळजवळ नाहीच. आहे ते चित्र होण्याआधी मनात काय चालतं त्याचं निरीक्षण. वस्तूकडे बघणं म्हणजे काय, आकार सुचतो तो कसा, कोऱ्या पृष्ठभागावर पहिली खूण पडली की काय बदलतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस ग्राफ पेपरपुढे बसून लिहितोय. घाई नाही, अलंकार नाही, एकेक चौकोन भरत चाललाय.

वह्याही पुष्कळ. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. तुम्हाला ते आठवत असेल तर उद्घाटनाच्या भाषणावरून झालेल्या गोंधळामुळे. वर्तमानपत्रांत ते भाषणच गाजलं. त्याच प्रदर्शनात बरव्यांच्या रोजनिशा मांडल्या होत्या. रेखाटनं, त्यांच्या बाजूला बारीक अक्षरात टिपणं. ज्यांना चित्रकाराची जडणघडण हवी आहे त्यांनी पुरस्कारांच्या यादीआधी ती पानं बघावीत.

शेवटी एका आक्षेपाला उत्तर देतो, कारण प्रश्नोत्तरांत तो येणारच. ‘एकवीस वर्षं साड्यांत गेली नसती, तर हा माणूस किती मोठा झाला असता!’ हे हळहळणं मी कलाशाळांच्या कट्ट्यांवर ऐकत आलोय. मला विचाराल तर साड्या नसत्या तर बरवे कदाचित चांगले तंत्रचित्रकार झाले असते, आणखी एक. आणि या हळहळीत एक तुच्छता लपलेली आहे. कापडावरचं काम ते खालचं, कॅनव्हासवरचं वरचं. आमच्या पंगतीत आम्हाला नेहमी शेवटच्या पानावर बसवलंय, त्यामुळे हे मला जरा जास्त टोचतं. साडीवर विणकराचं नाव नसतं, नक्शेबंदाचं नसतं, डिझायनरचं तर नसतंच. तेव्हा घरी गेल्यावर आईची बनारसी काढून बरव्यांची बुट्टी शोधू नका, ओळखू येणार नाही. पण काढलीच तर बुट्टी सोडा, आणि दोन बुट्ट्यांच्या मधली जागा बघा.